पिंपातला हंगाम

1985च्या सुमारास चिकमगळूरच्या शाखेत छोट्या कॉफीमळेवाल्यांचे कर्ज-अर्ज माझ्या टेबलावर येत. तेव्हा सगळ्यांचं पीक कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जाई, पैसे हप्त्याहप्त्यानं मिळत. ती सक्ती 1996 साली संपली.

परवा एका जुन्या खातेदाराकडे गेलो, तर मुलानं पिकली लाल फळं झाकणबंद पिंपात कोंडलेली! हवेवाचून सूक्ष्मजंतू गरातली साखर खातात, आंबटपणा वाढतो, कॉफीला फळांचा स्वाद चढतो. इडलीचं पीठ आंबतं ना, त्यातलाच प्रकार. मात्र वेळ चुकली की व्हिनेगरचा वास, आणि नेहमीचा भावही हातचा जातो. पोरगा रात्री उठून आंबटपणा मोजतो म्हणे.

"साहेब, याला कर्ज दिलं असतंत?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी घोट घेतला. चक्क फणस आठवला.

"एका पिंपापुरतं," मी म्हणालो.