चौकटीत मांडलेले संसार

कॉमिक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मे महिन्याच्या सुट्टीत पालथं पडून वाचलेला इंद्रजालमधला वेताळ, अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली अमर चित्रकथा, नाहीतर सकाळच्या चहाबरोबर पेपरात बघितलेला चिंटू. म्हणजे एकूण पोराबाळांचा मामला! लग्न झालेल्या, दोन मुलांच्या आईने दुपारी कॉमिक्स उघडून बसावं, ही कल्पनाच आपल्याकडे कुणाला रुचायची नाही. कादंबरी चालेल, भरतकाम चालेल, टीव्हीवरची मालिका तर काय, हवीच! पण कॉमिक्स?

जपानमध्ये मात्र हे असं नाही, बरं का. तिथे कॉमिक्सला ‘मांगा’ म्हणतात, आणि मांगाची मासिकं वयाप्रमाणे, आवडीप्रमाणे वेगवेगळी निघतात. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, कचेरीत जाणाऱ्या पुरुषांची वेगळी. आणि संसारी बायकांचीसुद्धा! एका मासिकाचं तर नावच ‘फॉर मिसेस’. आमच्या सूनबाईंच्या कपाटात मांगाची ही थोरली थप्पी आहे. त्यातली तलवारी आणि भुतंखेतं मी बाजूला ठेवली आणि घरसंसाराची तेवढी वाचून काढली. सगळी साध्या इंग्रजीत मिळतात. एका फुग्यात दोन ओळी, त्यामुळे शाळेतल्या इंग्रजीवरही भागतं.

पहिल्या दिवशी थोडा गोंधळ होतो. आपल्या पुस्तकाचं जिथे शेवटचं पान, तिथे यातल्या बहुतेकांचं पहिलं. उर्दू पुस्तकासारखं उजवीकडून डावीकडे वाचायचं, चौकटीसुद्धा त्याच क्रमाने. दहा पानं झाली की डोळ्यांना सवय होते.

सुरुवात करायची तर माचिको हासेगावा यांच्या ‘साझाए-सान’पासून करावी. १९४६ साली, युद्धात जपान बेचिराख झाल्यानंतर, फुकुओकाच्या एका सायंदैनिकात ही चार चौकटींची चित्रं सुरू झाली आणि १९७४ पर्यंत चालली. पुढे ती ‘आसाही’ या मोठ्या दैनिकात येत होती. साझाए ही एक धांदरट, मोकळ्या मनाची, भरपूर बोलणारी गृहिणी. घरातल्या सगळ्यांची नावं समुद्रावरून! साझाए म्हणजे एक शिंपला, भाऊ कात्सुओ म्हणजे मासा, बहीण वाकामे म्हणजे खायचं शेवाळ, आई फुने म्हणजे होडी. आपल्याकडे बांगडे, सुरमई, तिसऱ्या अशी घरभर नावं ठेवली तर कसं वाटेल? तसंच.

पण मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. साझाए लग्नानंतरही नवऱ्याबरोबर स्वतःच्या आईवडिलांकडेच राहते. नवरा मासुओ आपलं आडनाव राखून सुखाने सासुरवाडीला नांदतो. जपानमध्ये अशा जावयांना आजही ‘मासुओ-सान’ म्हणतात. आपल्याकडे ‘घरजावई’ या शब्दाला जी टोचणी आहे, ती त्यात नाही. सासूने लेकीची बाजू घेतली, सासऱ्याने जावयाला चहाला बोलावलं, एवढ्यावरच विनोद होतात.

सगळेच विनोद हसवतात असं मी म्हणणार नाही. काही आता शिळे झालेत, काही आपल्याला समजतच नाहीत. पण रेशनच्या रांगा, काळ्या बाजारातले तांदूळ, जुन्या कपड्यांतून शिवलेले नवे कपडे ही सुरुवातीच्या वर्षांतली चित्रं पाहून साठ-सत्तर सालातल्या आपल्या रॉकेलच्या रांगा आठवतात. हासेगावाबाईंनी स्वतः लग्न केलं नाही. बहिणीबरोबर प्रकाशनसंस्था काढली, नावही ‘बहिणींची कंपनी’ असंच. १९६९ पासून टीव्हीवर साझाएचं कार्टून सुरू आहे आणि अजूनही रविवारी संध्याकाळी जपानी घरांत ते लागतं.

दुसरं पुस्तक वाचताना मी वही-पेन्सिल घेऊन बसले होते. फुमि योशिनागा यांचं ‘काल काय जेवलास?’ हे २००७ पासून चालू आहे. नायक शिरो हा वकील. केन्जी हा केशकर्तनकार त्याचा जोडीदार, दोघे पुरुष एकत्र संसार करतात. कुणाला हे अवघड वाटेल. पण चार प्रकरणं वाचून झाली की लक्षात राहतो तो शिरोचा महिन्याचा हिशेब! दोघांच्या खाण्याचं बजेट पंचवीस हजार येन, आणि गडी त्यात बसवतोच. कचेरीतून वेळेवर सुटतो आणि दुकानात भाज्यांचे भाव पाहत फिरतो. कलिंगड स्वस्त आहे, पण दोघांना अख्खं संपायचं नाही, म्हणून तिथेच उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईबरोबर अर्धं-अर्धं वाटून घेतो! त्या कलिंगडापासून दोघांची मैत्री जमते. मंडईत आपण कोबीचा गड्डा अर्धा करून घेतो, त्यातलंच हे. स्वयंपाकही पायरीपायरीने दाखवलेला. एक शिजतंय तोवर दुसरं चिरायचं, शेवटी ओटा पुसून मोकळं. पुरुष लेखकांच्या कादंबरीत नायिका ‘स्वयंपाक उरकून’ बाहेर येते. इथे ते उरकणंच चार पानं चालतं.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या दोन पुस्तकांकडे वळते.

फुमियो कोनो यांचं ‘जगाच्या या कोपऱ्यात’ २००७ ते २००९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालं. २०१६ साली त्यावर कार्टूनपटही निघाला. कोनो स्वतः हिरोशिमाच्या, पण युद्धानंतर कितीतरी वर्षांनी, १९६८ साली जन्मलेल्या. त्यांची नायिका सुझु ही हिरोशिमाची वेंधळी, चित्रं काढण्यात रमणारी मुलगी. १९४४ च्या फेब्रुवारीत, अठराव्या वर्षी, तिचं लग्न लावून तिला वीसेक किलोमीटरवरच्या कुरे गावी धाडतात. कुरे म्हणजे आरमाराचं बंदर, ‘यामातो’ ही अजस्र युद्धनौका बांधली गेली ते गाव. नवरा लष्करी न्यायालयात कारकून, सासू पायाने अधू, आणि घरात एक नणंद, केइको. तिचा नवरा वारला, मुलाला सासरच्यांनी ठेवून घेतलं, आणि ही लहानग्या हारुमीला घेऊन माहेरी परतली. आपलं दुःख ती वहिनीवर काढते. ‘जा की तुझ्या माहेरी,’ असं सरळ तोंडावर सुनावते. ओळखीचं वाटतं ना?

अर्धं पुस्तक स्वयंपाकघरातच घडतं. तांदूळ पुरत नाहीत म्हणून सुझु रानातला पाला खुडून आणते. तांदूळ भाजून रात्रभर भिजत घातले की फुगून जास्त दिसतात, हेही ती करून बघते. भात दिसतो ढीगभर, चव मात्र कुणाला गिळवत नाही! मुंग्यांपासून वाचवायला साखर पाण्याच्या भांड्यात तरंगत ठेवते आणि ती साखर पाण्यात बुडते. लग्नात आलेला किमोनो फाडून कामाचे सैल पायजमे शिवते. युद्ध आहे, पण ते या घरात रेशनच्या कार्डातून शिरतं.

मग १९४५ चा जून येतो. वेळ लावून फुटणाऱ्या बाँबने हारुमी जाते आणि तिचा हात धरून चाललेल्या सुझुचा उजवा हात जातो. चित्रं काढायचा हात! यापुढच्या पानांत घरं, डोंगर, रस्ते सगळं वाकडं-तिकडं दिसू लागतं. कोनोबाईंनी ती पार्श्वभूमी आपल्या डाव्या हाताने काढली आहे. हे मला आधी कळलं नव्हतं, नुसतं अस्वस्थ वाटत होतं. कळल्यावर मी पानं मागे उलटून पुन्हा बघितली. शब्दांत लिहिलेल्या कादंबरीला हे कसं जमावं?

आपली लेक गमावलेली नणंद सुझुला दोष देते. देणारच. सुझु कंटाळून हिरोशिमाला परत जायचं ठरवते. ज्या सकाळी निघायचं, त्याच सकाळी एका हाताच्या भावजयीला कपडे घालायला मदत करता करता केइको तिला सांगते, की तुला राहायचं असेल तर हे घर तुझंच आहे. सुझु राहते. एवढ्यात खिडकीतून लख्ख उजेड पडतो. तारीख ६ ऑगस्ट. अणुबाँबचं चित्र यात याहून फार मोठं नाही. एका नणंदेने राग सोडला म्हणून एक भावजय वाचली, हे लेखिकेने कुठेही बोलून दाखवलेलं नाही. मला ते पुस्तक मिटल्यावर, भांडी घासताना सुचलं.

शेवटचं पुस्तक ‘प्रकाशासोबत’. केइको तोबे यांचं, ‘फॉर मिसेस’ मासिकात आलेलं. साचिको नावाच्या आईला पहाटे मुलगा होतो, म्हणून त्याचं नाव हिकारु, म्हणजे प्रकाश. बाळ कडेवर घेतलं की अंग ताठ करतं, हाक मारली तर वळत नाही. आधी वाटतं, ऐकूच येत नसेल. मग डॉक्टर सांगतात, स्वमग्नता. सासूचा निकाल तयार असतो: आईने नीट वळण लावलं नाही! नवरा सुरुवातीला कचेरी आणि बढती यांतच बुडालेला. दुकानात मूल ओरडू लागलं की लोक मुलाकडे नाही, आईकडे बघतात.

पुढे नवरा बदलतो, पण एका रात्रीत नाही, आणि सासूला तर फारच वेळ लागतो. हिकारुला तोंडी सांगितलेलं कळत नाही, चित्रं दाखवली की कळतं. म्हणून आता जेवण, मग अंघोळ, मग शाळा, अशी कार्डं करतात. शाळेत चांगल्या बाई भेटतात, त्यांची बदली झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तोबे यांनी आईला देवी केलेलं नाही. ती चिडते, रडते, दार लावून बसते. कधीकधी गोष्ट जरा शिकवणीच्या वर्गासारखी होते, हेही खरं. पण त्यातलं शिकवणं उपयोगाचं आहे.

आमच्या ओळखीत एक चार वर्षांचा मुलगा आहे. बोलत नाही, फिरणाऱ्या पंख्याकडे तासन्‌तास बघतो. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं सांगणारे शंभर, आणि आईला ‘मोबाइल देतेस ना हातात!’ म्हणणारे दोनशे. ती हळदीकुंकवाला यायची बंद झाली होती. मी पहिला भाग तिच्याकडे नेऊन दिला, काही न बोलता. तीन दिवसांनी तिचा फोन आला. तिने पुस्तक सासूबाईंपुढे उघडून ठेवलं होतं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण चित्रं कळली. दुकानातलं ते पान त्यांनी बराच वेळ पाहिलं म्हणे. त्यानंतर दोघी मिळून मुलाला बालविकासतज्ज्ञाकडे घेऊन गेल्या. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्याचा दाखलाही मिळतो, हे तिला तिथेच कळलं.

जपानी आवृत्तीचे पंधरा, इंग्रजीचे आठ जाडजूड भाग आहेत. हिकारु मोठा होतो, त्याला बहीण येते, तो माध्यमिक शाळेत जातो. मोठेपणी त्याने आनंदाने काम करावं, एवढंच आईचं स्वप्न. जानेवारी २०१० मध्ये तोबेबाई वारल्या आणि गोष्ट तिथेच थांबली. आठवा भाग सध्या त्या मुलाच्या आजीकडे आहे.