चॅप्लिनचा गुरू : मॅक्स लिंडर

चार्ली चॅप्लिन आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण चॅप्लिन ज्याला गुरू मानायचा, तो मॅक्स लिंडर किती जणांना ठाऊक आहे?

मॅक्सचा जन्म १८८३ सालचा, फ्रान्समध्ये बोर्डोजवळचा. घरचे द्राक्षमळे होते, पण पोराला नाटकाचं वेड. पॅरिसच्या रंगभूमीवर कामं करता करता १९०५ मध्ये तो पाथे कंपनीच्या मूकपटांत आला. रेशमी उंच टोपी, हातात छडी आणि कितीही फजिती झाली तरी न सुटणारी ऐट. हा ‘मॅक्स’ जगभर गाजला.

१९१४ साली महायुद्ध पेटलं. मॅक्स सैन्यात गेला आणि तब्येत गमावून परतला. पुढे अमेरिकेत चॅप्लिनने सोडलेल्या कंपनीनेच त्याला बोलावलं, पण तिथे जम बसला नाही. तरीही १९२१ च्या ‘सेव्हन इयर्स बॅड लक’मध्ये त्याने फुटलेल्या आरशाचा प्रसंग असा रंगवला, की आजही हसू आवरत नाही. मालकापुढे नोकरच प्रतिबिंब बनून उभा!

फौजेत मी एक गोष्ट पाहिली. प्रत्येक जखमेवर पट्टी दिसतेच असं नाही. मॅक्सला नैराश्याने ग्रासलं. १९२५ मध्ये पॅरिसला त्याचा आणि त्याच्या तरुण पत्नीचा दुःखद अंत झाला. मागे राहिली दीड वर्षाचीही न झालेली मुलगी, मोड.

तिला वडील आठवतही नव्हते. पण मोठेपणी तिनेच त्यांचे विखुरलेले चित्रपट जमवले, त्यांच्यावर माहितीपट केला. आज मॅक्स आपल्याला दिसतो, तो तिच्यामुळे.

जय हिंद.