परळचा पाऊस कोणत्या नोंदवहीत?

२६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच २४ तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ७३.४ मिलिमीटरची. दोन्ही वेधशाळा भारतीय हवामान विभागाच्या, दोन्ही आकडे खरे, आणि मधले अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. परळ-लालबाग या दोहोंच्या मधे येते.

आता एखाद्या एआय एजंटला विचारा, “त्या दिवशी परळला किती पाऊस झाला?” कुलाब्याचा आकडा हाती लागला तर तो म्हणेल, पावसाळ्यातला नेहमीचा दिवस होता. सांताक्रूझचा लागला तर म्हणेल, आभाळ फाटले. दोन्ही लागले तर सरासरी काढून ५०८.७ मिलिमीटर सांगेल, आणि हा आकडा दोन्हींपैकी कोणत्याच वहीत नाही. त्यातही एक मेख आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि तोवरचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला मांडला जातो. म्हणजे २६ जुलैचा पाऊस शोधायचा तर २७ जुलैची ओळ वाचावी लागते. वेधशाळेतल्या माणसाला हे पाठ असते. यंत्राला ते कोणीतरी लिहून द्यावे लागते.

एआय एजंट म्हणजे नुसते उत्तर देणारा नव्हे, तर स्वतः शोधणारा, फाइल उघडणारा, आकडेमोड करणारा प्रोग्रॅम. सरकारी माहिती त्याच्यासाठी खुली व्हायला सुरुवात झाली ती २०१२ च्या राष्ट्रीय माहिती सामायिकरण धोरणातून. त्याच धोरणातून केंद्र सरकारचे खुल्या माहितीचे पोर्टल उभे राहिले आणि माहितीसंच एका जागी येऊ लागले. पण माहिती उघड्यावर असणे आणि नेमकी सापडणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते जितके दक्षिण-मध्य मुंबईत जाणवते तितके क्वचितच कुठे जाणवत असेल.

दादरचेच पाहा. लोकांच्या तोंडी दादर एक. महापालिकेच्या लेखी पश्चिमेचे दादर ‘जी उत्तर’ विभागात, तर पूर्वेचे मुख्यतः ‘एफ उत्तर’मध्ये. लालबाग आणि परळ ‘एफ दक्षिण’मध्ये, मात्र लोअर परळ ‘जी दक्षिण’मध्ये. गिरगाव बहुतांशी ‘डी’ विभागात. रेल्वेच्या हिशेबात दादर स्थानक पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वेंचे. डिसेंबर २०२३ पर्यंत दोन्हीकडे फलाट क्रमांक एकपासून सुरू होत. तेव्हापासून ते १ ते १४ असे सलग झाले. त्यामुळे त्याआधीच्या एखाद्या नोंदीत ‘दादर, फलाट ३’ असे लिहिलेले असेल, तर ते कोणत्या रेल्वेचे हे पाहिल्याशिवाय त्या नोंदीला अर्थ नाही.

लोकसंख्येचाही असाच घोटाळा होतो. १९९० मध्ये मुंबईचे दोन जिल्हे झाले. २०११ च्या जनगणनेत मुंबई जिल्ह्यात ३०,८५,४११ आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३,५६,९६२ माणसे मोजली गेली. महापालिकेची हद्द या दोन्ही जिल्ह्यांवर पसरलेली, म्हणून बृहन्मुंबईची बेरीज १,२४,४२,३७३. ‘मुंबई’ एवढा एकच शब्द घेऊन निघालेला एजंट पहिल्या आकड्याशी थांबला, तर शहरातली तीन चतुर्थांश माणसे त्याच्या उत्तरातून गळून पडतात.

सर्वांत गुंतागुंतीची नोंद जमिनीची, आणि गिरगावकरांच्या जिवाशी भिडणारीही तीच. बेटावरच्या शहरात सातबारा चालत नाही. इथे जमीन ओळखली जाते ती महसुली ‘डिव्हिजन’ आणि सी.एस. नंबर यांवरून: गिरगाव डिव्हिजन, लोअर परळ डिव्हिजन, परळ-शिवडी, दादर-नायगाव. माहीम-शीव ओलांडून उपनगरात गेले की सी.एस. जाऊन सी.टी.एस. नंबर येतो. एका अक्षराचा फरक, पण नोंदपुस्तक निराळे. त्यात जुनी चाळ उपकरप्राप्त असेल तर उपकर गोळा करते महापालिका आणि दुरुस्ती पाहते म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ. चाळीचा पुनर्विकास कुठवर आला, एवढाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर तीन कार्यालयांत विखुरलेले, आणि गावाचे नाव इंग्रजी कागदांवर कधी ‘गिरगाव’, कधी ‘गिरगाम’ असे उमटलेले.

यावर उपाय निघाले आहेत, आणि ते पाहताना मला खरोखर आनंद होतो. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला, नगरसंस्थेला स्वतंत्र संकेतांक आहे. नावाचे स्पेलिंग बदलले तरी संकेतांक तोच राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. एआय प्रोग्रॅमने बाहेरच्या माहितीसाठ्याशी कसे बोलावे याची ती सामायिक रीत आहे. तिच्याच आधारे २०२६ च्या सुरुवातीला केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने आपल्या ई-सांख्यिकी पोर्टलची दारे एजंटांसाठी उघडली. तिथे एजंटने थेट आकड्यावर झडप घालायची नसते. आधी कोणते माहितीसंच आहेत ते विचारायचे, मग त्यांतले निर्देशक, मग वर्ष-राज्य-वर्गवारीचे तपशील, आणि शेवटी आकडा. कार्यालयातला जाणता कारकून नवख्या माणसाला हेच करायला लावतो: आधी कोणती खिडकी, मग कोणता अर्ज, मग सही.

राष्ट्रीय पातळीवर हे घडते आहे. विभाग कार्यालयाच्या, चाळीच्या, नाल्याच्या पातळीवर काम बाकी आहे. २००५ नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. त्यामुळे दादर-परळमधल्या हिंदमाता परिसरात तुंबणारे पाणी समजून घ्यायला आता कुलाबा किंवा सांताक्रूझवर विसंबावे लागत नाही. पण अशा प्रत्येक आकड्यासोबत तो कोणी, कुठे, कोणत्या हद्दीसाठी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मोजला हे यंत्राला वाचता येईल असे लिहिलेले हवे. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये ते लपलेले असेल, तर ते नसल्यातच जमा. हे लिहिण्याला मोठा पैसा लागत नाही. ज्यांना कामाची माहिती आहे त्यांचा वेळ लागतो, आणि अशी माणसे निवृत्त होण्याआधी त्यांच्याकडून हे लिहून घेतले पाहिजे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. एजंटला विचारताना नुसते ‘दादर’ म्हणू नये. विभाग, जिल्हा, वर्ष, सी.एस. नंबर, जे ठाऊक असेल ते प्रश्नात घालावे. आणि उत्तर आले की त्याला विचारावे: हा आकडा कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या हद्दीचा, कोणत्या तारखेचा?