मुंबईचा कराचीकर, कराचीचा मुंबईकर

भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस जन्मले कराचीत, २३ ऑक्टोबर १९०० रोजी. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कोर्डेरो जन्मले मुंबईत, १९ जानेवारी १९१८ रोजी. दोघांची घराणी मूळ गोव्याची आणि शाळाही एकच, कराचीचं सेंट पॅट्रिक्स. ग्रेशियस १९५३ साली कार्डिनल झाले तेव्हा ते मुंबईचे आर्चबिशप होते. वीस वर्षांनी, १९७३ मध्ये, कोर्डेरो झाले तेव्हा ते कराचीचे. १९७८च्या ऑगस्टमध्ये नवा पोप निवडायला जगभरचे कार्डिनल रोमला जमले, त्यांत कराचीचा हा मुंबईकर होता. मुंबईचा कराचीकर मात्र आजारपणामुळे जाऊ शकला नाही. ११ सप्टेंबरला तो वारलाच.

निव्वळ योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. पुणे, धारवाड आणि कराची एकाच गव्हर्नरच्या हाताखाली. सरकारी नोकरीत मुंबईहून कराचीला बदली होणं म्हणजे परदेशगमन नव्हे. सिंधमधल्या पहिल्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे, तेही याच रस्त्याने गेलेले. चर्चचा नकाशा तर सरकारी नकाशाहून सावकाश बदलतो. कराचीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला २० मे १९४८ला. म्हणजे पाकिस्तान होऊन नऊ महिने उलटले तरी कागदोपत्री कराचीचे कॅथलिक मुंबईच्याच आर्चबिशपच्या कक्षेत होते.

गोवेकर तिथे पोचले ते मुख्यतः १८४३ साली नेपियरने सिंध जिंकल्यानंतर. गोव्यात जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, तिथे राबून पोट भरेना. पण चर्चच्या शाळेत लिहिण्यावाचण्याबरोबर स्वरलिपी शिकवली जाई. इंग्रजांना कारकून हवे होते, आचारी, पाववाले, शिंपी, परिचारिका हव्या होत्या, आणि पलटणीच्या बँडसाठी वाजवणारेही. गोमांस-डुक्कर शिजवायला ना न म्हणणारा आचारी हिंदुस्थानात दुसरा कुठून आणणार! बार्देशातून मुंबई आणि तिथून आगबोटीने कराची, अशी ही वाट पडली. १८४५ साली पहिलं चर्च उभं राहिलं, १८६१ साली शाळा सुरू झाली, आणि १८८१ साली आजचं सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल बांधून झालं. १८८६ साली स्थापन झालेल्या संस्थेचं नाव होतं गोवा पोर्तुगीज असोसिएशन. राज्य इंग्रजांचं, गाव सिंधी, बोली कोकणी आणि पाटीवर पोर्तुगीज. 'कराची गोवन असोसिएशन' हे नाव पुढे आलं. सिनसिनाटस डी'आब्रेओ यांनी वसवलेल्या वस्तीला त्यांच्यावरूनच सिनसिनाटस टाऊन म्हणू लागले. आता तिला गार्डन ईस्ट म्हणतात. फाळणीच्या तोंडावर, १९४५-४६ मध्ये, कराचीचे महापौर होते मॅन्युएल मिस्किटा.

ही माणसं मोजकीच, पण ती शहराच्या मोक्याच्या जागी बसली होती. शाळेचा वर्ग, बंदराची कचेरी, रेल्वे, इस्पितळ. सेंट पॅट्रिक्सच्या बाकांवर लालकृष्ण अडवाणी बसले आणि परवेझ मुशर्रफही. पाकिस्तानच्या कसोटी संघातला पहिला मुस्लिमेतर खेळाडू म्हणजे कराचीचा वॉलिस मथायस, स्लिपमधला अव्वल झेलवाला, १९५५ ते १९६२ दरम्यान २१ कसोटी. त्याच्या जोडीला अन्ताव डी'सोझा, हा तर गोव्यातच जन्मलेला. मडगावचे दिलीप सरदेसाई भारताकडून पहिली कसोटी खेळले डिसेंबर १९६१मध्ये; अन्ताव त्याच्या अडीच वर्षांहून अधिक आधीच पाकिस्तानकडून खेळून बसला होता. आपल्या क्रिकेटच्या गप्पांत हे नाव निघत नाही.

त्याच डिसेंबरची आणखी एक गोष्ट. भारताने नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीजांनी १९५५ साली गोव्यासाठी वेगळी विमानसेवा काढली होती आणि दाबोळीहून कराची हा तिचा मोठा आधार होता. १८ डिसेंबर १९६१ला भारतीय विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. त्या रात्री उरलेल्या जेमतेम पट्टीवरून दोन विमानं अंधारात उडाली ती थेट कराचीला गेली. पुढच्या मे महिन्यात पोर्तुगीज युद्धकैदीही कराचीमार्गेच घरी परतले. पोर्तुगालची बाजू घेणारं पाकिस्तान, गोवा घेणारा भारत आणि मधे ज्यांची म्हातारी आई बार्देशात आहे असे कराचीचे गोवेकर: त्यांनी त्या आठवड्यात नेमकं कुणाचं भलं चिंतलं असेल?

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. पाकिस्तानातले बहुसंख्य कॅथलिक गोवेकर नाहीत, पंजाबी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ख्रिस्ती झालेले, बहुतांशी दलित जातींतले, आणि आजही सफाईचं काम ज्यांच्या माथी मारलं जातं असे. गोवेकर इंग्रजी बोले, त्याच्या घरात पियानो असे. देऊळ एक, वेदी एक, तरी दोघांची मिस्सा वेगळ्या वेळी, वेगळ्या भाषेत. भाषेची सोय हे कारण खरंच. पण सोयरीक जुळायची वेळ आली की भाषेपेक्षा जुनं काहीतरी वर यायचं. जात समुद्र ओलांडते, सीमा ओलांडते आणि धर्मही ओलांडते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. बिगरमुस्लिम म्हणून पुढे जे भोगावं लागलं ते मात्र दोघांच्या वाट्याला आलं.

ते एका झटक्यात आलं नाही. १९७२ साली भुट्टोंनी खाजगी महाविद्यालयं सरकारजमा केली, त्यात चर्चचीही गेली. १९७७ साली दारूबंदी आली, नाइट क्लब बंद झाले. हॉटेल मेट्रोपोलसारख्या ठिकाणी ज्यांच्या सॅक्सोफोनवर कराची नाचली, त्या गोवेकर वादकांची चूल त्या हुकमाने विझली. त्याच वर्षी साप्ताहिक सुट्टी रविवारची शुक्रवारी गेली आणि १९९७ पर्यंत तशीच राहिली. वीस वर्षं रविवार हा कामाचा वार! रविवारची मिस्सा गाठायची तर कचेरीच्या आधी पहाटे किंवा नंतर संध्याकाळी. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात ईशनिंदेचं कलम कडक झालं, १९८६ साली त्यात देहान्ताची शिक्षा आली. मतदार यादीही वेगळी: १९८५ पासून ख्रिस्ती मतदाराने फक्त ख्रिस्ती उमेदवाराला मत द्यायचं, हे २००२ पर्यंत चाललं. ज्या शहराने मिस्किटांना महापौर केलं होतं तिथे आता गोवेकर आपल्या मुस्लिम शेजाऱ्याचं मत मागू शकत नव्हता.

मग टोरंटो, लंडन, सिडनी. इंग्रजी येत होतं, हातात शिक्षकाची, परिचारिकेची, हिशेबनिसाची विद्या होती. जायला अडचण नव्हती. दर नाताळाला नेवऱ्या तळणारे हात कमी होत गेले. कोकणी तर त्याच्या आधीच गेली होती, आईबापांनी मुलांशी हौसेने इंग्रजी धरलं तेव्हा. तरीही कराचीच्या आर्चबिशपच्या गादीवर गोव्याची नावं येतच राहिली: कोर्डेरोंनंतर परेरा, मग गोव्यात जन्मलेले एव्हरिस्ट पिंटो.

टोरंटोत वाढलेल्या नातवाची गंमत आणखी वेगळी आहे. आजोबा बार्देशात जन्मले, कराचीत नोकरीला राहिले आणि पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले, असं धरा. भारताच्या नागरिकत्व कायद्यात आईबाप, आजीआजोबा किंवा पणजोबा-पणजी यांपैकी कुणी एकही पाकिस्तानचा नागरिक असेल किंवा कधी होता, तर 'ओसीआय' कार्ड मिळत नाही. आजोबांचा जन्म मात्र १९६१ पूर्वीच्या गोव्यातला असल्यामुळे, कागद जुळले तर, त्यांच्या नावावर पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. तेव्हा वाड्यावरचं पडकं घर बघायला तो लिस्बनचा पासपोर्ट घेऊन आला, तरी व्हिसाच्या अर्जावर आजोबा पाकिस्तानचे होते का, हा रकाना त्याला भरावाच लागतो.