परराज्यात बदली आणि आपल्या मुलाचे विशेष शिक्षण

नोकरीपायी गाव सोडणे आपल्या मंडळींस नवे नाही. बेळगावातील कोणत्याही घरी चौकशी करावी; एक भाऊ कोल्हापुरास, दुसरा पुण्यास, बहीण मडगावास किंवा हैदराबादेस, असे चित्र पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. बदलीचा हुकूम हाती आला म्हणजे शाळेतून दाखला काढावयाचा, नव्या गावी नाव घालावयाचे, आणि दिवाळीपर्यंत मूल नव्या सवंगड्यांत रुळून जावयाचे, हा नेहमीचा क्रम. परंतु ज्या घरात कमी ऐकणारे, कमी दिसणारे, स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेले किंवा अक्षरांशीच झुंजणारे मूल आहे, त्या घरी तोच हुकूम आईबापांची झोप उडवितो. अशा मुलाभोवती कित्येक वर्षांच्या खटपटीने एक व्यवस्था उभी राहिलेली असते. आठवड्यातून एकदोनदा येणारे विशेष शिक्षक, बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाई, परीक्षेतील जादा वेळ, पहिल्या बाकावरील जागा, आणि त्याच्या खाणाखुणा ओळखणारी शाळेतील आया. घरचे सामान ट्रकात चढते, ही व्यवस्था चढत नाही.

असे मूल बाहेरून शाळेत येते तेव्हा बहुधा त्याच्या हाती केवळ दाखला असतो. दाखल्यावर नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. ते मूल काय शिकले, कोणत्या रीतीने शिकले, कशाने बिथरते, हे त्यात कोठेच नसते. मग नवा शिक्षक पहिल्यापासून आरंभ करतो आणि मुलाचे चार-सहा महिने जातात. बोलण्याच्या किंवा चालण्याच्या सरावात एवढा खंड पडणे म्हणजे नुसते थांबणे नव्हे. मिळविलेलेही पुष्कळदा हातचे जाते. हा खंड कसा कमी करता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. मुलाचा हक्क केंद्राच्या कायद्याने दिलेला आहे, पण तो पुरविणारी यंत्रणा ज्या त्या राज्याची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत, आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमताही आल्या. शासकीय तसेच शासनाचे अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलास भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याच्या गरजेप्रमाणे सोयी व वैयक्तिक साहाय्य द्यावे, असे कलम १६ सांगते. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांस जवळच्या शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. त्याजबरोबर शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आहे. त्याच्या कलम ५ अन्वये मूल राज्यात वा राज्याबाहेर कोणत्याही कारणाने जात असले तरी मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ दिला पाहिजे, आणि दाखला यावयास उशीर झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश अडवून धरता येत नाही. बदलून जाण्याचा हा हक्क शासकीय व अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खाजगी शाळा आणि केंद्रीय विद्यालयांसारख्या शाळा त्यात येत नाहीत, त्यांचे नियम निराळे.

हे झाले हक्काचे. परंतु कर्नाटकातील शाळेने मुलासाठी जो वैयक्तिक आराखडा आखला होता, तोच महाराष्ट्रातील शाळेने नवा होईपर्यंत चालवावा, असे स्पष्ट वाक्य आपल्या या दोन्ही कायद्यांत नाही. अमेरिकेत ते आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांना हे उपयोगी पडेल म्हणून सांगतो. शाळेचे वर्ष चालू असता मूल दुसऱ्या राज्यात गेले, तर नव्या शाळाखात्याने पालकांशी विचारविनिमय करून पूर्वीच्या आराखड्यातील सोयींशी तुल्य अशा सोयी लगेच सुरू करावयाच्या, आणि स्वतःची तपासणी व नवा आराखडा होईपर्यंत त्या चालू ठेवावयाच्या, असा तेथे दंडक आहे. जुन्या शाळेने कागद त्वरेने पाठवावयाचे हेही त्यातच आले. म्हणजे तेथे जे काम कायदा करतो, ते आपल्याकडे बव्हंशी आईबापांना हातातील कागदांच्या बळावर करावे लागते. म्हणून कागदांविषयी जरा विस्ताराने लिहितो.

पहिला कागद दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा. ते देणारे अधिकारी राज्याने नेमलेले असले तरी कलम ५८ प्रमाणे ते साऱ्या देशात ग्राह्य आहे. जून २०२१ पासून ही प्रमाणपत्रे केंद्राच्या यूडीआयडी संकेतस्थळावरूनच द्यावयाची असे ठरले आहे. तेव्हा कोल्हापूरच्या कचेरीत ‘हे बेळगावचे आहे, येथील नवे आणा’ असे कोणी म्हणाल्यास नम्रपणे पण ठामपणे कलम दाखवावे. ज्यांच्याजवळ अद्याप जुने हाती लिहिलेले प्रमाणपत्र आहे त्यांनी गाव सोडण्यापूर्वीच यूडीआयडी कार्ड करून घ्यावे. जेथे मुलाचे उपचार झाले, जेथील डॉक्टर त्यास ओळखतात, तेथे हे काम सुलभ होते. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असते तीही पाहावी. लहान मुलांची प्रमाणपत्रे बहुधा तात्पुरती असतात, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी मुदत संपलेली आढळली म्हणजे सगळेच अडते.

दुसरा कागद याहून महत्त्वाचा, आणि तोच कोणी मागत नाही. तो म्हणजे शिकविणाऱ्यांचे पत्र. वैयक्तिक आराखड्याची नक्कल, तपासण्यांचे अहवाल, श्रवणयंत्राचा तक्ता, गेल्या दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका व वह्या, हे तर घ्यावेच. पण वर्गशिक्षक व विशेष शिक्षक यांच्याकडून एक पानभर मजकूर साध्या भाषेत लिहून घ्यावा. ‘दोन अंकी बेरीज ठोकळ्यांवर करतो, कागदावर अजून येत नाही. सूचना एका वेळी एकच द्यावी. घंटेच्या आवाजाने कान झाकतो, आधी सांगून ठेवल्यास शांत राहतो. उजव्या बाजूने बोलावे.’ अशा चार ओळी नव्या शिक्षकास जाडजूड अहवालापेक्षा अधिक उपयोगी पडतात, हे मी अनुभवाने सांगतो. अहवालात ‘मध्यम स्वरूपाची अक्षमता’ असे लिहिलेले असते, त्यावरून उद्या सकाळी वर्गात काय करावे हे कळत नाही. सध्या कोणत्या सोयी किती वेळा मिळतात, स्पीच थेरपी आठवड्यातून किती तास, परीक्षेत जादा वेळ किती, लेखनिक मिळतो काय, हेही शाळेच्या शिक्क्यानिशी लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले सीमेपलीकडे कोणी मानीत नाही. आणि हे मूळ कागद ट्रकात न घालता अंगाबरोबर न्यावेत.

तिसरे, शाळेच्या संगणकातील नोंद. यू-डायस प्लस या देशव्यापी नोंदणीत प्रत्येक मुलाचा कायम क्रमांक असतो आणि दिव्यांगत्वाचा रकानाही असतो. जुनी शाळा नाव मोकळे करीत नाही तोवर नवी शाळा ते आपल्याकडे ओढून घेऊ शकत नाही. दाखला घेतानाच हे काम करून घ्यावे व दिव्यांगत्वाचा रकाना भरला आहे ना, हे विचारावे. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी दर मुलामागे दर वर्षी ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, आणि मुलींस दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिने भत्ता असतो. नोंदीत मूलच नसले तर तरतूद तरी कोठून यावी?

आता भाषेचा प्रश्न. तो आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांस सर्वांत अधिक जाचतो. मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकणारे मूल दुसऱ्या राज्यात गेले म्हणजे तेथील राज्यभाषा त्याच्या पुढ्यात येते. कर्नाटकात कन्नड शिकण्याचा २०१५ चा कायदा आहे, महाराष्ट्रात मराठीचा २०२० चा आहे. ज्याला एकच लिपी महत्प्रयासाने साधली, त्यास दुसरी शिकावयाची म्हणजे केवढे ओझे! दिव्यांग कायद्याच्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षेत योग्य फेरफार करावयाचे सांगितले आहे, आणि त्यात जादा वेळ व लेखनिक यांबरोबर दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हीही आहे. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. अध्ययन अक्षमतेची चाचणी कोणत्या भाषेत घेतली हे अहवालात नमूद करून घ्यावे, कारण मराठी वाचणाऱ्या मुलाची परीक्षा कन्नडात घेतल्यास निघणारा निष्कर्ष भलताच असावयाचा.

दृष्टिहीन मुलांच्या बाबतीत मात्र एक समाधानाची गोष्ट आहे, आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून जी भारती ब्रेल लिपी आली, तीत एका ध्वनीस सर्व भाषांत साधारणपणे एकच ठिपक्यांची रचना आहे. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ डोळ्यांस निराळे दिसतात, बोटांस एकच लागतात. डोळस मुलास जी लिपी नव्याने गिरवावी लागते ती या मुलास बहुतांशी येतच असते, त्याला शिकावयाची ती केवळ भाषा. मूकबधिर मुलांचे तसे नाही. त्यांच्या शाळाशाळांतून खुणा वेगळ्या असतात, आणि भारतीय सांकेतिक भाषा सर्वत्र सारखी रुजावयास अद्याप अवकाश आहे. तेव्हा घरात व शाळेत वापरल्या जाणाऱ्या खुणांची छोटी चित्रफीत आपल्या फोनवर करून न्यावी.

केव्हा जावे हेही विचारात घ्यावे. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात, मध्य प्रदेशात व केंद्रीय मंडळाच्या शाळांत वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, गोव्यात २०२५ पासून वरच्या वर्गांचे वर्षही एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. बेळगावचे वर्ष संपवून गोव्यास जाऊ म्हणणाऱ्याचे मूल तेथे उशिरा पोहोचण्याचा संभव असतो. दहावी व बारावीच्या वर्षी शक्य तो हलूच नये. एका परीक्षा मंडळाने दिलेली सवलत दुसऱ्या मंडळास बांधील नसते, नव्याने अर्ज करावा लागतो, आणि त्याची मुदत पुष्कळदा नववीतील नोंदणीबरोबरच असते. ज्यांच्या बदल्या थांबतच नाहीत त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा विचार करावा. राज्य बदलले तरी मंडळ तेच राहते, मराठी माध्यमही आहे, आणि दिव्यांग विद्यार्थ्यांस सवलतीही आहेत.

बदली मुळीच टळत नाही असे मानूनही चालू नये. केंद्र सरकारच्या कार्मिक खात्याने २०१४ साली व पुन्हा ८ ऑक्टोबर २०१८ रोजी असे सांगितले आहे की, दिव्यांग अपत्याची मुख्य काळजी वाहणाऱ्या कर्मचाऱ्यास, प्रशासकीय अडचण नसेल तर, नेहमीच्या बदल्यांतून वगळता येईल. बँकेतील व राज्य सरकारी नोकरांनी आपल्या खात्याचा नियम विचारून घ्यावा. कित्येकांस विचारण्याचाच संकोच वाटतो.

काही गोष्टी मात्र नव्याने आरंभाव्या लागतात. राज्य सरकारचे निवृत्तिवेतन व भत्ते, बसचा सवलतीचा पास, या साऱ्या त्या त्या राज्याच्या रहिवासावर अवलंबून असतात. याउलट निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना राष्ट्रीय न्यासाची आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती देशभर चालते, पत्ता तेवढा बदलावा. केंद्राच्या एडीप योजनेतून मिळणारी साधने एकाच कामासाठी साधारणपणे तीन वर्षांतून एकदा, बारा वर्षांखालील मुलांस वर्षातून एकदा मिळतात. तेव्हा पूर्वी काय मिळाले त्याची पावती जपावी.

नव्या गावी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. एक प्रत गट शिक्षणाधिकाऱ्यांस द्यावी. कर्नाटकात त्यांस क्षेत्र शिक्षणाधिकारी म्हणतात. विशेष शिक्षक प्रत्येक शाळेत असेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिकला दहा मुलांमागे एक व वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे ठरवून दिले, तरी बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक अनेक शाळा फिरत असतो. त्याचा वार कोणता, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे. दाद लागलीच नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, वकील लागत नाही.

मधल्या काळात घरी करावयाचा सराव जुन्या थेरपिस्टकडून समक्ष शिकून घ्यावा. आणि नवी शाळा ठरताच जुन्या व नव्या शिक्षकांचे एकदा फोनवर बोलणे करून द्यावे. असे बोलणे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. एकीकडे कन्नड आणि दुसरीकडे मराठी असेल तर दोन्ही जाणणारा कोणी जवळ बसवावा, म्हणजे अर्धा तास पुरेल.