कळ दाबल्यानंतर (भाग ४) : ग्रब थांबलाच नाही

मागच्या आठवड्यात आपण सह्यांची साखळी पाहिली. कळ दाबली की फर्मवेअर मायक्रोसॉफ्टची सही तपासून ‘शिम’ला आत घेतं, शिम ‘ग्रब’ला तपासतो आणि ग्रब लिनक्सच्या कर्नलला. हेच सिक्युअर बूट. २९ जुलै २०२० रोजी एक्लिप्सियम कंपनीच्या संशोधकांनी ग्रब-२ मधली ‘बूटहोल’ ही त्रुटी जाहीर केली आणि साखळीची मधली कडीच कच्ची निघाली.

ग्रब सुरू होताना एक साधी मजकुराची फाइल वाचतो. कोणता कर्नल उचलायचा, मेनू किती सेकंद दाखवायचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक संगणकावर ती निराळी, म्हणून तिच्यावर सही नसते. तिच्यातले शब्द सुटे करायला ग्रब ‘फ्लेक्स’नं तयार केलेला कोड वापरतो. एखादा शब्द ठरलेल्या जागेत मावेना, की हा कोड ‘घातक त्रुटी’ अशी हाक देतो आणि प्रोग्राम इथंच संपेल असं धरून चालतो. ग्रबमध्ये मात्र त्या हाकेवर पडद्यावर ‘फेटल एरर’ एवढंच छापलं जाई. काम थांबत नसे. तोच अगडबंब शब्द मग लहान जागेत ओतला जाई.

चिपट्यात पायली ओतली तर धान्य जमिनीवर सांडतं. मेमरीत ते शेजारच्या मापात पडतं, आणि तिथं ग्रबचीच कामाची माहिती असते. मजकूर बेतून लिहिला असेल तर ग्रब हल्लेखोराच्या आज्ञा पाळू लागतो, तेही कर्नल जागा होण्याआधी. ही फाइल बदलायला ॲडमिनचे अधिकार लागतात हे खरं. पण म्हणून त्रुटी हलकी ठरत नाही. आत शिरलेल्याला मुळापर्यंत पोचू द्यायचं नाही, यासाठीच तर सिक्युअर बूट आहे.

छापल्यावर थांबायचं, ही दुरुस्ती सोपी होती. खरी अडचण जुन्या प्रतींची. त्यांच्यावरची सही खरीच होती, त्यामुळे हल्लेखोर जुना ग्रब आणून बसवू शकत होता. अशा प्रती नाकारण्याची यादी फर्मवेअरमध्ये असते आणि तिला जागा साधारण ३२ केबी. एकट्या बूटहोलपायी तिच्यात ३ प्रमाणपत्रं आणि १५० प्रतींचे ठसे गेले; १० केबी, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. अशी आणखी दोन संकटं आली असती तर यादीच भरली असती. यातून ‘एसबॅट’ पद्धत आली : प्रत्येक प्रतीला पिढीचा क्रमांक द्यायचा आणि अमुक पिढीच्या आधीचं काही चालणार नाही, हे एका आकड्यात सांगायचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटमधून असाच आकडा पुढे सरकला आणि विंडोजशेजारी लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. तुमच्याकडेही दोन्ही नांदत असतील, तर आधी लिनक्सचे शिम आणि ग्रब अद्ययावत करा, मग विंडोजचं अपडेट घ्या.