बांधावर टेबल कुठलं?

महाअ‍ॅग्री-एआय धोरणाचे 500 कोटी, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातला उसाचा एआय प्रयोग, सत्या नाडेलांनी केलेलं त्याचं कौतुक, त्यावर इलॉन मस्क यांची एका ओळीची दाद... वाचून झालंय सगळं. त्यातल्या उपग्रहावर तर पानंच्या पानं भरली. मला लिहायचंय ते शेवटच्या पावणेदोन मिलिमीटरबद्दल.

समजा, वडगाव निंबाळकरच्या एखाद्या उसाच्या फडातल्या ओलाव्याचा आलेख मोबाइलवर उघडलाय. पाणी दिलं की रेघ चढते, मग हळूहळू उतरते. वापसा नेमका कधी आला? रेघेवर बोट ठेवलं. आलेख ढिम्म.

आलेख मुळात बहिराच असतो. पायथॉनमधलं आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब घ्या, जॉन हंटर यांनी सुरू केलेलं. त्यात क्लिक झाला की कुठलं फंक्शन चालवायचं, ते ‘एमपीएल_कनेक्ट’ने आधी सांगून ठेवावं लागतं. त्या फंक्शनच्या हाती जागेच्या दोन जोड्या पडतात: एक पिक्सेलची, म्हणजे पडद्यावरची जागा, दुसरी अक्षांवरची, म्हणजे खरी किंमत. नवशिका हमखास पहिली छापतो आणि ओलावा 412 टक्के निघतो! दुसरी घेतली तर ओलावा बरोबर येतो, पण तारखेच्या जागी 20284. घाबरायचं कारण नाही, हे 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस आहेत. 20284 म्हणजे 15 जुलै 2025, ऐन आडसाली लागणीचे दिवस. क्लिक चौकटीबाहेर पडला तर ही दुसरी जोडी रिकामी येते. तेवढं तपासलं नाही की कोड अडखळलाच.

आता ते पावणेदोन मिलिमीटर. क्लिक रेघेवर पडला असं कधी मानायचं? मॅटप्लॉटलिबची ठरीव मुभा 5 पॉइंटांची, आणि पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. माउसच्या टोकाला एवढी जागा ऐसपैस आहे. खुरपं धरणाऱ्या अंगठ्याला?

ब्राउझरमधल्या आलेखांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे माउस नुसता वरून फिरला की आकडा उमटतो. पण बोट एक तर टेकतं, नाही तर उचललेलं असतं. अधांतरी फिरलेलं पडद्याला कळतच नाही. टेकल्यावर ब्राउझर माउसची नक्कल करतो खरा, पण उमटलेला आकडा बोटाखालीच झाकला जातो. डग्लस एंगलबार्ट यांनी 1968 मध्ये जगाला दाखवलेल्या माउसला फिरायला टेबल लागतं. बांधावर टेबल कुठलं?

माझं मत विचाराल तर रेघेवर नेम धरायला लावूच नये. बोट कुठेही टेको, आडव्या अक्षावरची सर्वांत जवळची तारीख शोधावी, उभ्या अंतराकडे बघूच नये. आणि आकडा बोटापाशी नको. आलेखाच्या वर, ठरलेल्या जागी, उन्हात वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरात हवा. यासाठी लागणारा कोड दहा-बारा ओळींचा आहे.